एकाच देवीचे दोन सेवक, आणि मी दिलेला निवाडा

फासेकरी (धागाकर्ता) • रविवार, रात्री ११:४०

राजेहो, खेळ संपवून सगळे घरी गेले, पण मी अजून टेबल आवरलेलं नाही. एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

मानेवाड्याला आमच्या घरी चौदा महिन्यांपासून दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांच्या आधारानं गोष्ट खेळायची. पाच जण खेळतात, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि देवांच्या वतीनंही बोलणारा. जग माझंच रचलेलं आहे. त्यात नीलधारा नावाची नदीची देवी आहे. माझ्या मामाचं गाव वैनगंगेच्या काठी. लहानपणी नावेनं पलीकडे जायचो तेव्हा नावाडी नाव सोडण्याआधी वाकून पाण्याला हात लावायचा आणि तो ओला हात कपाळी न्यायचा. तोंडानं काही म्हणायचा नाही. त्या एवढ्याशा हालचालीतून मला ही देवी सुचली. तिचा नियम एकच: पाण्यावर असताना खोटं बोलायचं नाही, कारण नावेत बसलेल्यांचा जीव एकमेकांच्या शब्दावर असतो.

आमच्या टेबलावर तिचे दोन सेवक आहेत. एक क्लेरिक, म्हणजे देवाकडून मंत्र मिळणारी पुजारीण, दहाव्या लेव्हलची. ती जी मैत्रीण खेळते ती दर सेशनला घरून प्रार्थनेच्या दोन ओळी लिहून आणते, निळ्या पेननं, एका लांबट वहीत. चौदा महिन्यांत एकदाही चुकली नाही. दुसरा पॅलाडिन, म्हणजे शपथेनं बांधलेला धर्मयोद्धा, याची शपथ सूडाची.

आज नावेत जाळ्यांखाली एक पोरगा लपवलेला होता. सैनिकांनी नाव अडवली. क्लेरिकनं सांगितलं, नावेत आम्ही चौघंच आहोत. पोरगा वाचला. पण ती पाण्यावर खोटं बोलली होती, म्हणून दुसऱ्या सकाळी तिच्या प्रार्थनेला मी उत्तर दिलं नाही. सगळे मंत्र गेले. पुढे तासाभरानं पॅलाडिननं त्याच काठावर, शस्त्रं खाली ठेवलेल्या तीन सैनिकांना मारलं. त्याला मी काहीच केलं नाही. त्याच्या शपथेत दुष्टाला दया नाही असं स्पष्ट आहे, शपथ मोडली नाही तर शक्ती कशी काढू?

मैत्रिणीनं वही मिटली आणि एवढंच विचारलं, "मग देवीला माझ्याकडून नेमकं हवं तरी काय होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही तुमच्या टेबलावर हे कसं बघता? देव क्लेरिककडे कसा बघतो, पॅलाडिनकडे कसा, आणि बाकीच्यांकडे कसा?

---

ऊनसावली • रविवार, रात्री ११:५८

नियमात तुमची चूक नाही. पण देवीच्या जागी बसून विचार केला का? तुम्ही दोघांच्या करारांची कलमं तपासली. देवीला त्या दिवशी काय वाटलं, हे पोस्टमध्ये कुठेच आलं नाही.

---

जुनी_पेटी • सोमवार, सकाळी ७:१५

मी या खेळाच्या जवळजवळ सगळ्या आवृत्त्या खेळलो आहे, म्हणून थोडं मागून सांगतो. हा गुंता तुमचा एकट्याचा नाही, खेळाच्या पोटातच आहे.

१९७४ साली खेळ आला तेव्हा क्लेरिक होता, पॅलाडिन नव्हता. आणि त्या क्लेरिकला पहिल्या लेव्हलला एकही मंत्र मिळत नसे. दुसरी लेव्हल गाठली की पहिला मंत्र. मला ते फार आवडायचं. नुसत्या श्रद्धेवर आधी वणवण करायची, देव नंतर हाताला हात लावणार. आताच्या मुलांना पहिल्या दिवसापासून सगळं मिळतं आणि मग देव म्हणजे पाण्याचा नळ वाटू लागतो.

पॅलाडिन १९७५ च्या पुरवणीत आला, तोही योद्ध्याचा एक प्रकार म्हणून. करिश्मा, म्हणजे पात्राचा प्रभाव मोजणारा आकडा, किमान १७ हवा. एकदा जरी बेबंद वागला तरी पद कायमचं गेलं, परत मिळण्याची सोयच नाही. क्लेरिकला इतकी कडक अट नव्हती. म्हणजे पहिल्यापासूनच दोघांना दोन मापं, फक्त तुम्ही लावलीत त्याच्या बरोबर उलटी. ज्यानं तलवार घेतली त्याच्यावर देवाची नजर जास्त कडक होती.

१९७८ च्या पुस्तकात हे जरा माणसात आलं. पॅलाडिननं जाणूनबुजून दुष्ट काम केलं तर पद कायमचं जाई. पण शिस्त मोडण्याइतकीच चूक असेल तर त्यानं सातव्या किंवा वरच्या लेव्हलच्या सज्जन क्लेरिककडे जायचं, कबुली द्यायची आणि तो सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचं. पॅलाडिनच्या वाटेवर देवानं क्लेरिकला उभं केलं होतं, हे लक्षात घ्या. दोघं एकमेकांपासून सुटे नव्हते. त्याच पुस्तकात असंही होतं की क्लेरिकला पहिल्या ते चौथ्या पातळीचे मंत्र (लेव्हल पात्राची, पातळी मंत्राची) देवाचे दुय्यम सेवक आणून देतात आणि पाचव्या ते सातव्या पातळीचे देव स्वतः देतो. तुमच्या क्लेरिकला दहाव्या लेव्हलला पाचव्या पातळीचे मंत्र मिळतात. जुन्या हिशेबानं देवी तिच्याशी नुकतीच समोरासमोर बोलू लागली होती. अशा वेळी तुम्ही दार लावलंत. आणि देवी स्वतः रुसली असेल, तरी तिच्या घरातलं दुसरं कोणी येऊन चार शब्द बोलू शकलं असतं.

२००८ च्या आवृत्तीत हे सगळं पुसलं. एकदा दीक्षा झाली की देवालाही शक्ती परत घेता येत नाही, बिघडलेल्या पुजाऱ्याला आवरायचं ते त्याच्याच पंथातल्या माणसांनी. २०१४ ला पॅलाडिनची शक्ती शपथेतून आली, देव असला काय नसला काय. तुम्ही खेळता ते हेच. त्यामुळे झालं असं की तुमचा पॅलाडिन २०१४ च्या नियमानं वाचला आणि क्लेरिकला शिक्षा झाली ती १९७८ च्या मनोवृत्तीनं.

---

फासेकरी • सोमवार, सकाळी ९:०२

शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. हेच झालंय.

---

कापूसबोंड • सोमवार, दुपारी १:३०

भाऊ, मी अकोल्याकडचा, नोकरीनं नागपुरात आलो. दोनच वर्षं झाली खेळून राहिलो, तुमच्या आवृत्त्यांचं मले काही समजत नाही. पण देव अन् भक्ताचं म्हणाल तर ते घरातच ऐकत आलो.

आमची आजी जनाबाईचं सांगे. जनीसंग विठ्ठल दळाले बसे, शेण्या वेचाले जाये. अन् ह्याच जनीनं त्याच विठ्ठलाले शिव्या देल्ल्या. नुसत्या देल्ल्या नाही, त्या शिव्या लोकं आजही टाळ वाजवून गातात. म्हणजे देवाले त्या शिव्या लागल्या नाही, गोड लागल्या. मी लहान असताना आजीले विचारलं, देव रागावला काऊन नाही? आजी म्हणे, घरच्या माणसाचा राग येते का रे?

माह्या मते तुमची क्लेरिक म्हणजे जनी. ती रोज देवापाशी जाते, रोज मागते, रोज बोलते. तिले भांडाचा हक्क हाय. पॅलाडिनचं तसं नाही. त्यानं एकदा शब्द देल्ला, अन् तो त्या शब्दापाठीमागं चालला. तो देवासंग भांडत नाही, कारण रोज बोलणंच नाही. मी तं कोणता सेवक देवाच्या किती जवळ हाय हे मंत्रावरून मोजतच नाही. त्याले देवासंग भांडता येते का, एवढंच पाहतो.

अन् पुंडलिक पाहा. तो विठ्ठलाची सेवा करतच नव्हता, माय-बापाचे पाय चेपत होता. विठ्ठल दारात आला तं त्यानं वीट फेकली, म्हणे थांब यावर. अन् देव थांबला. तुमच्या २०१४ च्या पॅलाडिनची शपथ देवाबिगर चालते म्हणता ना? मग तो पुंडलिक व्हाले पाहिजे. कर्तव्य असं करावं का देवच दारात यावा. पण शस्त्र टाकलेल्या माणसाले मारणाऱ्याच्या दारात कोणता देव उभा राहीन?

---

चोपदार • सोमवार, सायंकाळी ६:४५

रागावू नका, पण मनातलं बोलतो. माझ्या वडिलांनी बावीस वाऱ्या केल्या. विठ्ठल आणि जनाबाई आमच्या घरात जिवंत आहेत. त्यांना वीस बाजूंच्या फाशाशेजारी बसवलेलं मला जड जातं. खेळातले देव खेळातच ठेवावेत.

---

ऊनसावली • सोमवार, रात्री ८:१०

चोपदारभाऊ, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि माझ्या टेबलावर मीही हा नियम पाळते: ज्यांची पूजा आपल्यापैकी कुणाच्याही घरात होते असा देव खेळात आणायचा नाही. नीलधारा रचलेली आहे, उद्या तिच्यावर फासा उलटा पडला तर कुणाचं मन दुखावणार नाही. पण तिच्यासमोर बसलेली माणसं रचलेली नाहीत. देवाशी बोलायचं कसं, रुसायचं कसं, हे आपण ज्या घरात शिकलो तिथूनच येणार. कापूसबोंडभाऊंनी विठ्ठलाला खेळात आणलेलं नाही. आजीच्या गोष्टीतून त्यांनी एक नातं समजून घेतलं आहे, एवढंच.

---

चोपदार • सोमवार, रात्री ९:३०

ताई, हे पटलं. मग माझ्याकडूनही एक घ्या.

वडील वारीहून परत यायचे तेव्हा पायांना फोड, खिशात काही नाही, आणि चेहरा मात्र वेगळाच. मी विचारायचो, काय मिळालं? ते म्हणायचे, जाऊन आलो ना. वारकऱ्याला विठ्ठल कुठलाही मंत्र देत नाही. कुणाची जखम त्याच्या हातानं भरून येत नाही. मिळतं ते शिखर दिसल्यावरचं डोळ्यांतलं पाणी.

तुमच्या सगळ्या चर्चेत क्लेरिक आहे, पॅलाडिन आहे, पण ज्याला देवानं काहीच दिलं नाही आणि तरी जो रोज पाण्याला हात लावतो तो तुमचा नावाडी कुठे आहे? मला विचाराल तर देवीची पहिली नजर त्याच्यावर असायला हवी. क्लेरिकला शक्ती दिली ती त्याच्या नावेसाठी. असं धरलं की प्रश्न बदलतो. पोरगा जाळ्यांखाली होता, जाळी नावाड्याची होती. सैनिकांना खरं सांगितलं असतं तर पोरासोबत तोही मेला असता. मग नावेतल्यांचा जीव एकमेकांच्या शब्दावर, हा नियम कुणी पाळला?

---

गोरेवाडा_रात्रपाळी • मंगळवार, पहाटे २:२०

ड्युटीवर आहे, वाचत बसलो. बाकीच्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

वॉरलॉक म्हणजे एखाद्या धन्याशी करार करून शक्ती घेणारा. त्याला लोक नवसाशी जोडतात, मला ते पटत नाही. नवस बोलणारा फेडतो आणि मोकळा होतो, पुढच्या वर्षी मन असेल तर परत जातो. वॉरलॉकचा धनी सावकार आहे. त्याच्या वहीत वॉरलॉकचं नाव लिहिलेलं असतं, त्याला आवडनिवड नसते. म्हणून वॉरलॉकच्या धन्याला मी कधीच रागावलेला दाखवत नाही. तो फक्त आठवण करून देतो. माझ्या टेबलावर सगळ्यांना त्याचीच जास्त भीती वाटते.

ड्रुइड निसर्गातून शक्ती घेतो, त्याचं देवाशी नातं असेलच असं नाही. तो जंगलाचा. देव त्याच्याकडे शेजाऱ्यासारखा बघतो, बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्यासारखा. पाणी कुणाचं यावरून दोघांचं वाजूही शकतं. तुमच्या नदीकाठी एखादा ड्रुइड आणा. नदी देवीची आहे हे तो मान्यच करणार नाही.

आणि जन्मतःच दैवी रक्त असलेला सॉर्सरर. त्यानं काही मागितलं नाही, शपथ घेतली नाही, देवळात पाय ठेवला नाही, तरी अंगात शक्ती. अशा माणसाला देवाचे अधिकृत सेवक कसे वागवतात हे बघायला लांब जायला नको. आपल्या ताजुद्दीन बाबांना १८९२ पासून १९०८ पर्यंत नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं होतं. लोक तिथेच दर्शनाला जायचे. शेवटी राजे रघुजी भोसले त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यात घेऊन आले. १९२५ साली बाबा गेले, आणि आज उमरेड रोडवर ताजबागला सगळ्या धर्मांची माणसं दिसतात. ज्याला कुठल्याच चौकटीत बसवता येत नाही, त्याला ओळखायला माणसांना वेळ लागतो. देवाला लागत नसावा. सॉर्सरर खेळवताना मी हे डोळ्यांसमोर ठेवतो.

---

निळी_वही • मंगळवार, दुपारी ४:०५

ही वही माझीच. धाग्याची लिंक पॅलाडिन खेळणाऱ्यानं पाठवली. सगळं वाचलं.

मंत्र गेले म्हणून मी गप्प झाले नव्हते. खोटं बोलताना मला परिणाम ठाऊक होता, माझ्या क्लेरिकलाही. तिनं तो मान्य करूनच तोंड उघडलं. शिक्षा झाली असती तर सोसली असती. देवीनं पूर आणला असता, अंगावर वीज पाडली असती, तरी चाललं असतं. पण सकाळी मी दोन ओळी वाचल्या आणि तू म्हणालास, "काही होत नाही." बस. चौदा महिने जिच्याशी बोलले तिनं मला कारणही विचारलं नाही. आजीच्या घरी आजोबांनी असा अबोला धरलेला मी पाहिलाय. त्या घरात मोठ्यांदा भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

पॅलाडिनला शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही. तो आमचा माणूस आहे. पण त्या तीन सैनिकांबद्दल देवीला काहीच वाटलं नाही, हे मी मानत नाही.

---

फासेकरी • मंगळवार, दुपारी ४:४०

मला माफ कर. खरंच. रविवारी ये, वही घेऊन ये.

---

जुनी_पेटी • बुधवार, सकाळी ८:००

फासेकरी, निवाडा मागे घेऊ नका. झालं ते झालं, खेळात ते खरं आहे. पण १९७८ चा तो प्रायश्चित्ताचा नियम आता कामी येईल. काठावर सांडलेलं रक्त नदीत गेलं. पॅलाडिनची शपथ शाबूत असेल, पण झोप शाबूत आहे का ते त्याला विचारा. त्याला कबुली द्यावीशी वाटली तर जवळपास क्लेरिक एकच आहे, जिच्याशी देवी बोलत नाही ती. दोघांना एका नावेत बसवा. बाकी तुम्ही काही करू नका.

एक आठवण. २०१४ च्या नियमांत दहाव्या लेव्हलपासून क्लेरिकला देवाला थेट हाक मारता येते. शंभराचा फासा, आकडा तिच्या लेव्हलइतका किंवा कमी आला तरच देव येतो. तिला शंभरात दहा संधी. नाही आला तर नीट विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी परत हाक मारता येते. आला तर मात्र सात दिवस थांबायचं. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला भक्त काय असतो ते कळलं होतं असं मला वाटतं. देव न येणं हीच रोजची गोष्ट.

---

फासेकरी • रविवार, रात्री ११:२५

आज काय झालं ते लिहितो, तुमचं सगळ्यांचं ऋण आहे.

पॅलाडिनच्या खेळाडूला मी फक्त विचारलं, रात्री काय दिसतं? तो बराच वेळ फासा बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, तिसऱ्या सैनिकानं हात वर केले होते ते दिसतं. तो स्वतःहून उठून क्लेरिकसमोर खाली बसला, खरंच, फरशीवर. तिनं सगळं ऐकून घेतलं. प्रायश्चित्त तिनंच सांगितलं: तिघांचे देह नावेत घालून पलीकडे न्यायचे आणि त्यांच्या आयांना सांगायचं की कुणी मारलं. पाण्यावरच सांगायचं, म्हणजे खोटं बोलता येणार नाही.

नाव सोडताना नावाड्यानं पाण्याला हात लावला. चोपदारभाऊ, हे तुमच्यासाठी. पॅलाडिननं त्याचं बघून लावला. क्लेरिकनं लावला नाही.

मधोमध आल्यावर तिनं हाक मारली. शंभराचा फासा, ६३. देवी आली नाही. तिनं मान हलवली, म्हणाली, "उद्या परत विचारीन."

दुसऱ्या सकाळची प्रार्थना. तिनं वही उघडली. या वेळी दोन ओळी नव्हत्या, दोन पानं होती, आणि सगळं भांडण. तू कुठे होतीस. नियम तुझा होता की नावेचा. चौदा महिने मी तुला झोपेतून उठवलं, एकदा तू मला उठवलं असतंस तर काय बिघडलं असतं. वाचताना तिचा आवाज दोनदा अडकला. टेबलावर कुणी हललं नाही.

मी उत्तर लिहून ठेवलं होतं, चांगलं लांब. ते वाचलंच नाही. नावाडी आठवला, मामाचं गाव आठवलं, आणि देवी म्हणून तोंडातून एवढंच आलं:

"पोरगा जेवला का?"

ती थांबली. वहीत बघून म्हणाली, "नाही. कालपासून काही नाही."

"मग आधी त्याच्यासाठी भात टाक. भांडण काय, आपलं चालूच राहील."